क्रिमिनॉलॉजी शिकून पुढे नेमकं काय करता येतं?

शाईपेन:
नमस्कार. कॉलेजला क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, मुख्य विषय म्हणून घ्यावा असं मनात आहे. घरात मात्र एकमत नाही. आई म्हणते, पोलीसच व्हायचं तर त्यासाठी हा वेगळा विषय कशाला? मामा म्हणतो, सरळ कायदा कर. मला कोर्टात युक्तिवाद करायचा नाहीये. माणूस गुन्ह्यापर्यंत पोचतो कसा आणि त्यातून परत फिरतो कसा, हे समजून घ्यायचंय. यात काम मिळतं का? वर्गात शिकवतात काय? या वाटेने गेलेल्यांनी कृपया लिहा.

सूक्ष्मदर्शक:
मी फॉरेन्सिक प्रयोगशाळेत काम करतो. बोटांचे ठसे, डीएनए, रक्ताचे डाग म्हणजे क्रिमिनॉलॉजी नव्हे. त्यासाठी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र पक्कं लागतं. या दोन्हींत गल्लत करून चुकीच्या वर्गात बसलेली मुलं पाहिली आहेत, म्हणून आधीच सांगतो. तुझा प्रश्न वाचून तुला इकडे यायचं नाही हे कळतंय.

उंबरठा:
मी अकरा वर्षं प्रोबेशन ऑफिसर आहे, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवते आणि त्यांना सावरायला मदत करते. पदवी क्रिमिनॉलॉजीचीच. जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी लोंब्रोसो हा इटालियन डॉक्टर शिकवला. १८७६ साली त्याने मांडलं की जन्मजात गुन्हेगार कवटी-जबड्यावरून ओळखता येतो. आम्ही हसलो. मग बाईंनी गोरिंग या इंग्लंडमधल्या तुरुंग-डॉक्टरचं काम समोर ठेवलं. त्याने सुमारे ३,००० कैद्यांची मापं घेतली, ती इतर लोकांच्या मापांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये दाखवून दिलं की गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक साचा नसतो. तुलनेला दुसरा गट नसेल तर निष्कर्षाला अर्थ नाही, हे तिथे डोक्यात बसलं ते आजतागायत.

दुसऱ्या वर्षी कॉलेजातल्या सायकलचोऱ्यांची नोंद ठेवायला सांगितलं. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये म्हटलंय की चोरी करू पाहणारा, चोरण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव, हे तिन्ही एका जागी, एका वेळी आलं की गुन्हा घडतो. आमच्या सगळ्यात जास्त चोऱ्या ग्रंथालयामागच्या कोपऱ्यात झालेल्या निघाल्या. तिकडे एकही खिडकी उघडत नव्हती. तोवर मी फक्त "चोर कोण?" एवढंच विचारायचे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे एक बेत ठरत होता. वाया जाऊ घातलेल्या मुलांना तुरुंगात न्यायचं आणि कैद्यांकडून दम द्यायचा. हेतू चांगला होता, सगळे उत्साहात होते. पण अशा भेटींच्या चाचण्या झालेल्या आहेत. चिठ्ठ्या टाकावं तसे मुलांचे दोन गट पाडून, एकालाच तुरुंग दाखवून. एकत्रित निकाल असा की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले. मी तो अभ्यास बैठकीत वाचून दाखवला. बेत रद्द झाला. त्या दिवशी पदवी कशासाठी घेतली ते मला समजलं.

माझं रोजचं काम म्हणजे अहवाल. शिक्षा ठरवण्याआधी न्यायाधीश तो वाचतात. माझ्या पहिल्या अहवालात मी एका एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल "वाईट संगतीचा" असं लिहिलं होतं. वरिष्ठांनी त्याखाली रेघ मारून विचारलं, "ही संगत तू पाहिलीस?" पाहिली नव्हती. पुन्हा त्याच्या घरी गेले. तो रोज संध्याकाळी आजारी वडिलांजवळ बसायचा. ते वाक्य तसंच गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजूनही छळतो. लिहायला शीक, अगदी नेटकं आणि पाहिलं तेवढंच.

कामाचं म्हणशील तर प्रोबेशन, तुरुंगातलं पुनर्वसन, बालगुन्हेगारांसोबतचं काम, पीडितांना आधार, पोलिसांसाठी गुन्ह्यांच्या आकड्यांचं विश्लेषण, संशोधन. वकील किंवा न्यायाधीश व्हायचं तर कायद्याची पदवी लागतेच, तिथे मामा बरोबर आहे.

शाईपेन:
ताई, मनापासून आभार. आकड्यांचं वाचून मात्र धास्तावलेय. संख्याशास्त्र टाळता येईल का?

उंबरठा:
टाळू नकोस गं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वाढलेल्या, १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६२७ मुलांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. हे ऐकून कुणीही म्हणेल, त्या ६२७ जणांना आधीच हुडकून काढा. पण ते आकडे पोलिसांच्या नोंदींतले आहेत. जे नोंदलंच गेलं नाही त्याचं काय? आणि कोण तसं होणार हे आधी सांगता येतं का? हे प्रश्न विचारण्यापुरतं संख्याशास्त्र यायलाच हवं. मलाही पहिल्या परीक्षेत जेमतेम गुण होते.

सावली_७:
मी पीडितांना कोर्टाच्या तारखांना सोबत करते. एकच भर घालते. अभ्यासक्रम निवडताना पीडितांविषयीचा स्वतंत्र पेपर आहे का ते बघ. माझ्या वेळी तो ऐच्छिक होता आणि वर्गात आम्ही चौघीच होतो. आज कामावर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो तोच.

शाईपेन:
बघितलं. आहे, तिसऱ्या वर्षाला. आईला हा धागा वाचायला दिलाय.