मोठीमाय, बाई, आजी: विदर्भातल्या मोठ्या घरांचे अनुभव

आमची मोठीमाय यंदा पोळा झाल्यावर गेली. माझ्या वडिलांची थोरली भावजय. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी, तिच्या वयाच्या बऱ्याच म्हाताऱ्यांची असते तशी. ती स्वतः सांगायची, "गांधीबाबा सेवाग्रामले राहाले आला तवा मी पाळण्यात होती." म्हणजे १९३६. लग्न होऊन आमच्या वाड्यात आली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्रात. मोठीमायची जागा मात्र शेवटपर्यंत तीच होती: ओसरीचा उजव्या हाताचा खांब, त्याला टेकून बसलेली, कमरेला कोठीची किल्ली.

तेरवीला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, फार सोसलं बाईनं. सोसलंच. पण चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, दोन विधवा आत्या एवढं घर इतकी वर्षं एका चुलीवर जेवलं, त्यामागं तिचा वाटण्याचा हात होता. उन्हाळ्यात माळ्यावर गावरान आंब्यांची आढी लागायची. रोज सकाळी ती एकटीच वर चढायची, एकेक आंबा देठापाशी अंगठ्यानं दाबून पाहायची, पिकलेले टोपल्यात काढायची आणि डागाळलेले आपल्या ओच्यात टाकायची. खाली आली की आधी पोरं मोजायची. सालदाराची पोरंही त्याच रांगेत. तिच्या स्वतःच्या लेकाचा नंबर शेवटचा. तो रडला की म्हणायची, "तुही माय इथं हाये. आंधी त्याले, ज्याची माय वावरात हाये."

अशी एक बाई बहुतेक घरांत होती. तुमच्याकडची कशी होती ते या धाग्यावर लिहा. थोर होती, मायाळू होती एवढ्यावर सोडू नका. ती काय करायची, ते लिहा.

अकोट तालुका, नातू

आमच्या आजीले घरचे-दारचे सारे बाई म्हनत. बाईच्या हाती सरकी होती. सुरवातीच्या वेच्याचा चांगला कापूस ती बाजूले काढे, त्याची सरकी राखून ठेवे अन् मिरग आला की आंगनात बसून शेनमातीत चोळे. चोळल्यानं सरकीवरचं रुवं बसते, दाने एकमेकाले चिकटत नाहीत, पेरतानी सुटे पडतात. २००२ नंतर बीटी आलं. सरकीच्या जागी ४५० ग्रामचं पाकीट आलं अन् बाईचं हे काम गेलं. तरी पयलं पाकीट तिच्याच हातानं फुटे.

दिवाईच्या मांगंपुढं वेचनी लागे. पयल्या दिवशी बाई धुऱ्याजवळच्या पराटीखाली पाच खडे मांडे, त्याईले हयद-कुकू लावे, दहीभाताचा निवद दाखवे. ते सीतादही. तो दहीभात आंधी वेचनाऱ्या बाया खात, घरच्या बाया त्याइच्या मांगून. वेचता वेचता बोंडाची वाळलेली टोकं बोटात घुसत. संध्याकाळी बाई तेलाची वाटी घेऊन बसे. जिची बोटं फाटली तिनं हात पुढं करावा, मग ती सून असो का मजूर.

भंडारा जिल्हा, नात

आमच्याकडे धान. आजीचा कारभार रोवणीच्या दिवसांत दिसायचा. पऱ्हे उपटून झाले की कोणत्या बांधीत कोणत्या बाया उतरतील हे ती ठरवायची. पोटुशी सून चिखलात उतरायची नाही. तिनं पारावर सगळ्यांची लेकरं सांभाळायची आणि तेही कामच धरायचं. दिवाळीनंतर गावची मंडई असली की लेकी-जावई यायचे, रात्री सगळं घर नाटक पाहायला जायचं. आजी घरी थांबायची. तिला नाटकाची आवड होती, हे मला फार उशिरा कळलं.

यवतमाळ जिल्हा, पुतण्या

माझा काका २००६ मध्ये गेला. कसा गेला ते आमच्या जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. काकू तिशीची, पदरात दोन मुली. आजी तेव्हा सत्तरीच्या पुढे.

तेरवी उरकली आणि भाऊबंद ओसरीत बसले. बोलणं निघालं की जमीन सध्या मोठ्या भावाच्या नावावर ठेवावी, पोरींचं तो पाहील. मोठा भाऊ म्हणजे माझे वडील. ते गप्प होते. आजी आतून आली, सगळ्यांच्या मधे खाली बसली आणि म्हणाली, "त्याचं वावर त्याच्या बायकोच्या अन् पोरीच्या नावानं चढन. मी जित्ती हावो तोवरच चढन."

दुसऱ्याच दिवशी ती काकूला घेऊन तलाठ्याकडे गेली. वारसनोंद एका फेरीत होत नाही, आजी प्रत्येक फेरीला सोबत गेली. मुलगा गेला की त्याच्या जमिनीत कायद्यानं आईचाही वाटा लागतो. तो तिनं लिहून सोडला. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. हातातल्या पैशावर उधारीवाल्यांचे डोळे होते. आजीनं त्यातून आधी दोन शेळ्या घेतल्या आणि मुलींच्या शाळेचं सामान. ठेवीची पावती तिनं काकूच्या पेटीत ठेवायला लावली. स्वतःच्या पेटीत नाही, माझ्या वडिलांकडेही नाही.

संक्रांतीला काकूला वाणाचं बोलावणं येईना. त्या वर्षीपासून आजीनं आमच्या ओसरीवर वाण ठेवलं आणि आळीतल्या सगळ्या एकट्या बायांना बोलावलं. आज त्या मुलींपैकी थोरली नर्स आहे. काकू शेत स्वतः करते, पेरणीचं तिला कुणी सांगत नाही.

दर्यापूर तालुका, सून

मी सून म्हणून लिहिते. सासूबाईंनी मला लेकीसारखं वागवलं, त्याबद्दल दुमत नाही. पण वाटण्याचं एवढं चाललंय तर हेही लिहायला हवं. पंगत आधी पुरुषांची, मग पोरांची, आम्ही शेवटी. तोवर भाजी खरवडलेली, आमच्या वाट्याला भाकर आणि ठेचा. सासूबाई आमच्याबरोबरच बसत, त्यांच्याही ताटात तेच. बरीच वर्षं त्यांना यात वावगं दिसलं नाही, कारण त्यांचीही सासू तशीच जेवली होती.

थोरल्या जावेचं बाळंतपण अवघड गेलं. अंगात रक्तच नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून सैपाक उतरला की सासूबाई आधी आम्हा सुनांची भाजी-वरण काढून फडताळात झाकून ठेवू लागल्या. पाहुणे येवोत, जावई येवोत, त्या वाट्यांना हात लागायचा नाही. सासरे एकदा बोलले, तर त्यांनी उत्तरही दिलं नाही, फडताळाची कडी लावली. माझ्या लेखी त्या मोठ्या झाल्या त्या इथून.

धागा काढणारा

हे लिहिलंत ते फार बरं केलं. आमच्याकडेही बाया शेवटीच जेवत आणि मोठीमायनं ते मोडलं नाही. आंब्यांची रांग सरळ होती, चुलीपुढची नव्हती. अशा गोष्टी आल्या तरच त्या बाया खऱ्या दिसतील. आणखी लिहा.

बुलढाणा जिल्हा, घाटावर

बहात्तरचा दुष्काळ. रेशनवर मिलो, लाल परदेशी ज्वारी. तिची भाकर थापताना चिरायची. आजी पीठ कढत पाण्यात मळायची आणि असलीच तर मूठभर उडदाची चुरी टाकायची. दिवसभर सुना-लेकींसोबत रोजगाराच्या कामावर खडी फोडायची. तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची, स्वतः न चाखता. आई सांगते, त्या वर्षी आमच्या घरातलं एकही लेकरू दगावलं नाही.

तिवसा तालुका, नातू

मोझरीचा गुरुकुंज आमच्या जवळ. तुकडोजी महाराजांना आजीनं ऐकलेलं, खंजिरीसकट. रोज संध्याकाळी गावात सामुदायिक प्रार्थना, आणि आमच्या घरचे सगळे तिथं हजर पाहिजेत हा तिचा कायदा. माझे वडील आणि धाकटे काका धुऱ्यावरून भांडले, वर्षभर बोलणं बंद. आजीनं समजूत घातली नाही, कुणाची बाजू घेतली नाही. एवढंच म्हणाली, "बोलू नका, पन एका सतरंजीवर बसा." ते बसले. पुढं बोललेही, पण त्याला वेळ लागला, आणि मधल्या काळात घरात दुसरी चूल पेटली नाही.

हिंगणघाट तालुका, लेक

माझी आई आहे अजून, नव्वदीला टेकलेली. शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची मोहीम, आमच्या भागात गाजली तेव्हा वडिलांनी दोन एकर आईच्या नावावर करून दिले. सातबारा घरी आला तेव्हा आईनं तो देवाजवळ ठेवला नाही. मला तीनदा वाचायला लावला आणि आपलं नाव कुठं आहे त्यावर बोट ठेवून घेतलं. त्या दोन एकरांत काय पेरायचं हे ती कुणाला विचारायची नाही. कापूस घरच्या हिशेबात जायचा, तूर आणि जवस तिचं. त्याच पैशावर आम्हा तिघी बहिणींचं माहेरपण झालं, भाच्यांना अंगडी-टोपडी झाली, धाकट्या भावजयीचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

गेल्या वर्षी तिनं ते दोन एकर बक्षीसपत्र करून धाकट्या भावजयीला दिले. गावात कुजबूज झाली की लेकींना डावललं. आईनं आम्हाला आधी बोलावून सांगितलं होतं, "तुमचा हक्क हाये, पन त्या मातीत राबली ते." आम्हा बहिणींनाही तेच वाटत होतं. साक्षीदार म्हणून सह्या आम्हीच केल्या. रजिस्ट्री आटोपून बाहेर आलो तर आई भावजयीला विचारत होती, यंदा पराटीत तुरीचे किती तास टाकशील, आणि भावजयीनं सांगितलेला आकडा तिला अजिबात पटला नव्हता.