मदत हवी आहे: कूलिंग जॅकेट अर्ध्या तासात कोमट पडतंय, दुसरं कोणतं घ्यावं?

वसमत_हळद: चार कूलिंग जॅकेटं मागवली, पाण्यात भिजवून घालायची. पोरं घालायलेत, पण अर्ध्या तासात अंगाला कोमट लागतंय, वरून चिकचिक. विकणारा म्हणतो माल बरोबर आहे. काम अजून तीन आठवडे चालणार. दुसरं कोणतं घ्यावं? पटकन सांगा.

जालना_फिटर: पंख्याचं जॅकेट घ्या. कंबरेला मागं दोन पंखे असतात, हवा पाठीवरून फिरून मानेतून आणि बाह्यांतून बाहेर पडते. जपानात बांधकामावर सर्रास वापरतात. दोन्ही पंखे मिळून १० वॅट धरा. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ३.७ व्होल्टनं ३७ वॅट-तास, त्यातले ३० हाती येतात, म्हणजे तीन तास. फक्त ती उन्हात ठेवून चार्ज करू नका, ४५ अंशांपुढं चार्ज केला की लिथियम सेल खराब होतो.

गोदाकाठ: थांबा. भाऊ, आधी काम काय ते सांगा. उन्हात का सावलीत? पाणी कुठलं? जॅकेटावरून काही घालतात का? आत दाणे आहेत का नुसतं जाड कापड?

उदगीरकर: शेड पत्र्याचं असेल तर वरून पांढरा चुना मारा. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. पावसात धुऊन जातो, दर उन्हाळ्यात परत मारावा लागतो.

जालना_फिटर: शेडचं कुणी विचारलंय का, दादा?

वसमत_हळद: हळद शिजवायलोत, कुकरवर. बोअरचं पाणी. आत दाणे आहेत. वरून खाकी शर्ट घालतात, झाकण उघडलं की वाफेचा चटका बसतो म्हणून.

गोदाकाठ: हे आधी सांगायचं होतं. वाफ, बोअरचं पाणी आणि वरचा शर्ट, तिन्ही गोष्टी जॅकेटाच्या विरोधात आहेत.

हे जॅकेट पाणी उडवून गार होतं. एक लिटर पाणी उडताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता खेचतं, पण हवा कोरडी असेल तरच ते उडतं. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओलं कापड २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. कुकरजवळ ३८ अंश आणि ६० टक्के धरा, तिथं ते ३१ च्या खाली जाणारच नाही. कातडी ३५ ची. मग गारवा लागणार कुठून? त्यात वरून शर्ट, म्हणजे उडणारं थोडंफार पाणीही आतच कोंडतं.

पाण्याचं वेगळंच. दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे, म्हणजे पाणी पिऊन फुगणाऱ्या पदार्थाचे असतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्यांना आतून बांधून टाकतं, ते फुगत नाहीत. भिजवल्यावर एक कप्पा चिमटीत धरून बघा. शिजलेल्या साबुदाण्यासारखा गुळगुळीत आणि टपोरा लागला तर ठीक. कच्च्यासारखी कणकण लागली तर ते दाणे गेले, नंतर आरोचं पाणी घालूनही पुरते सुधारत नाहीत.

जालना_फिटर: म्हणूनच म्हणतो पंखा घ्या, हवा खेळती राहते.

गोदाकाठ: कुकरजवळ पंखा वाफच आत ओढणार. भट्टीच्या तोंडाशी राख आणि ठिणग्याही. पॉलिस्टरच्या जॅकेटाला ठिणगी लागली की भोक पडतं, वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. शिवाय ४० अंशांच्या वरची हवा घाम नसलेल्या अंगावर मारली की अंग तापतंच.

मृग_नक्षत्र: जॅकेटात घालायचे, २८ अंशांना गोठणारे पॅक घ्या. बर्फासारखा चटका नाही, विहिरीच्या पाण्यात टाकले की परत गोठतात.

गोदाकाठ: विहिरीत नाही हो जमत. आपल्याकडं विहिरीचं पाणीच २६-२७ अंशांचं. एक-दोन अंशांच्या फरकावर पॅक गोठायला दिवस जाईल. बर्फाच्या पाण्यात पाऊण तासात होतात. पण बर्फ आणायचाच तर सरळ तोच बांधा. पॅक किलोला २०० किलोज्यूलच्या आसपास घेतो, बर्फ नुसता वितळताना ३३४.

मृग_नक्षत्र: आणि बर्फानं कातडी आखडली की आतली उष्णता बाहेर येत नाही, त्याचं काय? पॅकच बरे.

गोदाकाठ: मुद्दा बरोबर आहे, म्हणून मध्ये कापड घालायचं. आधी सुती बनियन, त्यावर शिवलेले कप्पे, कप्प्यात चपट्या पिशव्यांत बर्फ. माणशी दोन किलो. दोन तासांत वितळला तर सरासरी ९० वॅट खेचतो. यातलं बरंच बाहेरची हवा खाते, म्हणून कप्प्याच्या बाहेरून फोमचा थर द्या. पिशवीत पाणी गोठवणार असाल तर काठोकाठ भरू नका, बर्फ ९ टक्के फुगतो. लाइट जात असेल तर फ्रीझरच्या भरवशावर राहू नका, लादी आणून फोडून भरा.

वसमत_हळद: गळ्यातलं ते गार पट्टीचं मशीन कसं?

जालना_फिटर: नको. त्याची थंड पट्टी दोन बोटांएवढी. मागची बाजू उष्णता बाहेर टाकते, तिलाच गरम हवा मिळाली की पट्टीही तापते. मानेला बरं वाटतं, अंग गार होत नाही.

परभणी_आरोग्य: जॅकेट कोणतंही घाला, एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, हे जवळ ठेवा. कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल गेला, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा. सावलीत न्या, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

वसमत_हळद: आलेली चार जॅकेटं वाया गेली का मग?

गोदाकाठ: नाही. दाणे फुगत असतील तर शिजलेली हळद वाळत घालणाऱ्यांना द्या. तिथं हवा कोरडी आणि वारा मोकळा. आरोच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवा, वरून पुसून घाला, शर्ट आत.

वसमत_हळद: उद्या लादी आणतो, आधी कुकरवरच्या दोघांना बांधून बघतो. बर्फ छातीला का पाठीला? आणि खाकी शर्ट वरून चालंल का?

गोदाकाठ: दोन्हीकडं, एकेक किलो. शर्ट चालंल, घालाच. बर्फाला गारवा द्यायला वाऱ्याची गरज नसते.