धर्माची शपथ घालून मतं मागितली, तक्रार कुठे करायची?

अमळनेरकर: विधानसभेचा उमेदवार सभेत उघड धर्माची शपथ घालून मतं मागतोय. मोबाइलात व्हिडिओ आहे. चालेल का?

तापीकाठ: भाऊ, निवडणूक आयोगाच्या तक्रारीच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर गॅलरीतला व्हिडिओ चढत नाही, जागेवरच शूट करावा लागतो. तुमचा आधीचा आहे, म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या. त्यातून फार तर नोटीस किंवा गुन्हा. निवडच रद्द करायची तर निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका. मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२३(३): धर्माच्या नावानं मतं मागणं हा भ्रष्ट आचार. सोबत त्या आरोपाला पुष्टी देणारं नमुना २५ चं प्रतिज्ञापत्र. उमेदवारी अर्ज भरण्याआधीचं भाषण त्यात धरत नाहीत, तारीख आधी तपासा.

गिरणेचा: मूळ फोन जपा. फॉरवर्ड होऊन आलेल्या फाइलीला कोर्टात पुरावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र कोण देणार? आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर (४ विरुद्ध ३ न्यायमूर्ती) मतदाराच्या धर्माच्या नावानं केलेलं आवाहनही यात येतं.

अमळनेरकर: बाहेरून आलेले महाराज बोलले असतील तर?

तापीकाठ: मग उमेदवाराची संमती सिद्ध करा. तो मंचावर होता का, मंडपाचा खर्च त्याच्या हिशेबात आहे का? सोपं नाही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतली निवड भाषणांवरून रद्द झाली, पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ मध्ये. तोवर ती विधानसभाच संपली होती!