सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा (आकडे सदनिकांचे) : वायुसेना शिबिर आणि मागच्या भिंतीजवळचा कचरा

३०२ : नमस्कार. आमच्या मुलीची एनसीसीच्या एअर विंगमधून वायुसेना केंद्रावरील शिबिरासाठी निवड झाल्याचे मी येथे आनंदाने कळवले होते. काल जिन्यात ‘एनसीसीच्या सी प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या वर्षी मुलीला विमानात कशाला बसवता’ असे ऐकावे लागले, ते मनाला लागले आहे.

१०४ : ताई, तो मीच बोललो, पण काळजीपोटी. शिबिरात ज्यात बसवतात ते मायक्रोलाइट म्हणजे दोन जणांचे इवलेसे विमान.

३०२ : भाऊ, शेजारी प्रशिक्षित वैमानिक असतो. आणि सी प्रमाणपत्र असेल, तर वायुसेनेत अधिकारी होण्यासाठीच्या एनसीसी विशेष प्रवेशात लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळासमोर जाता येते, हेही लक्षात घ्यावे.

५०१ : मी नागपूरच्या वायुसेनानगरात वायुसेनेच्या अनुरक्षण (देखभाल-दुरुस्ती) कमांडमध्ये नोकरी केली, म्हणून सांगतो जी, शिबिराचे मोल उड्डाणाहून जमिनीवरच्या कामात अधिक आहे. हवामान कक्ष, नियंत्रण मनोरा, हँगर हे सारे मुलांना जवळून पाहायला मिळते. तंत्रज्ञ काम सुरू करताना आणि संपवताना अवजारे मोजतो आणि एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान उड्डाणासाठी सोडत नाही. धावपट्टीवरचा खडासुद्धा वेचला जातो, कारण तो इंजिनात ओढला गेला तर आतली पाती मोडतात. ही शिस्त पुस्तकातून येत नाही. विमानाला धडकू नयेत म्हणून घारींवरही सतत लक्ष ठेवावे लागते.

२०३ : घारींचा विषय निघालाच आहे, तर मागच्या भिंतीजवळचा कचरा कधी उचलणार?

सचिव : कृपया विषयाला धरून लिहावे.

२०३ : विषय तोच आहे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकण्यास १९३७च्या विमान नियमांतच मनाई आहे आणि सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमाने आपल्या गच्चीवरून दिसतात. मागच्या भिंतीजवळचा कचरा कधी उचलणार?

सचिव : आपण स्वतः सभेला येत नाही, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

५०१ : सचिव महोदय, त्यांचे म्हणणे रास्त आहे. घार त्या कचऱ्यावरच उतरते.

१०४ : ताई, अभ्यासाबाबत माझे मत कायम आहे, पण पान्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मुलीला स्टेशनवर कोण सोडणार?

३०२ : शनिवारी पहाटे ५ वाजता निघायचे आहे. यांची रात्रपाळी आहे.

१०४ : मी गाडी फाटकाशी आणतो.

२०३ : मागच्या भिंतीजवळच्या कचऱ्याबाबत उत्तर अद्याप आलेले नाही.