नवा अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि डग्ग्याचा घुमारा गेला, मदत हवी आहे

परभणीकर_७
लवकर सांगा, परत करायची मुदत रविवारी संपतेय. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा एक चॅनल खरखरायला लागला म्हणून नवा क्लास डी (वीज झपाट्यानं चालू-बंद करून आवाज वाढवणारा) घेतला. वॅट जास्त, पण जीव नाही. डग्गा नुसता टकटक वाजतो, मींड कळेना गेलीय. गायकही मधोमध बसत नाही, खोलीभर पसरल्यासारखा वाटायलाय. तीन रात्री ऐकलं. ठेवू का परत करू?

जुनी_तबकडी
स्पीकर कोणते? किती ओहम? खोली केवढी?

परभणीकर_७
स्पीकर तेच जुने, ८ ओहम. त्यांचा काही संबंध नाही.

लाल_कंदील
क्लास डी घेतलात तिथंच चुकलं. माझा ३००बी या काचेच्या व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड (दर चॅनलला एकच पॉवर व्हॉल्व्ह) अ‍ॅम्प्लिफायर फक्त ८ वॅटचा आहे, पण सारंगीचा गज तारेवर टेकतो तेही ऐकू येतं. क्लास डी आवाजाचे तुकडे करतो.

लातूर_रिपेअर
तुकडे होतात ते सेकंदाला काही लाख वेळा, आणि पुढचा फिल्टर ते गाळून टाकतो. कानापर्यंत येतच नाहीत. शिवाय तापत नाही. आमच्याकडं मे महिन्यात व्हॉल्व्ह लावून बसवत नाही.

लाल_कंदील
मी रात्री दहानंतरच लावतो. आणि वॅटचं कौतुक नको, ८ चे १६ केले तरी ३ डेसिबलच वाढतात.

लातूर_रिपेअर
ते खरं. पण ८ वॅटला कमी ताकदीत मोठं वाजणारे स्पीकर लागतात. यांचे तसे आहेत का, ते तरी विचारा.

शेतावरून
आधी अर्थिंग बघा. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. मी मीठ-कोळसा भरून रोज घागरभर पाणी ओतलं, गूं आवाज बंद झाला.

परभणीकर_७
दादा, गूं आवाज नाहीच माझ्याकडं.

अंबाजोगाई_पखवाज
आम्ही पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतो, ती सुकली की असाच पोकळ वाजतो. पण तुमचा डग्गा आणि मधोमधचा गायक दोन्ही एकदमच गेले. एका स्पीकरची वायर उलटी असणार. एकाचा पडदा पुढं येताना दुसऱ्याचा मागं जातो, खर्ज एकमेकांना मारतो. एकाच स्पीकरची लाल-काळी अदलाबदल करा.

परभणीकर_७
वायर मीच नीट लावलीय.
थांबा. नवी वायर पारदर्शक आहे, एका बाजूला बारीक रेघ आहे, ती आत्ता बॅटरीच्या उजेडात दिसली. डावा उलटा होता. डग्गा आला! गायकही मधोमध आला. तार सप्तक मात्र अजून टोचतंय.

जुनी_तबकडी
मी पहिल्यांदाच खोली विचारली होती.

परभणीकर_७
पाडव्याला नव्या घरात आलो. आधी माळवदाचं होतं, मातीच्या जाड भिंती. इथं स्लॅब, टाइल्स, भिंती मोकळ्या.

अंबाजोगाई_पखवाज
अहो, हे आधी सांगायचं ना! मोकळ्या खोलीत टाळी वाजवा, झणझण येईल. तीच तुम्हाला टोचतेय. स्पीकरसमोर सतरंजी, बाजूच्या भिंतींना गोधड्या, मग ऐका.

परभणीकर_७
आईच्या दोन गोधड्या लावल्या, सतरंजी टाकली. बरंच निवळलं. आता जुन्याशी जोडून बघायचंय, पण त्याची खरखर?

लातूर_रिपेअर
तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवा, जो मोठा तो गोड लागतो. आणि खरखर सतत येते, का नॉब फिरवतानाच? नुसत्या नॉबची असेल तर पॉट (नॉबमागचा फिरणारा भाग) साफ करून जाईल.