नाटक शिकायला ख्रिस्ती कॉलेज: सल्ला हवा आहे

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. लेक बारावी आर्ट्सला आहे, इथे नाशिकलाच. शाळेत असल्यापासून बालनाट्यात काम करतेय, आता एका हौशी संस्थेबरोबर राज्य नाट्य स्पर्धेतही उतरते. तिला पुढे नाटकच शिकायचंय. बेंगळुरूच्या ख्राइस्ट युनिव्हर्सिटीत ते पदवीला घेता येतं, असं तिने शोधून काढलंय. दुसरं नाव मुंबईच्या झेवियर्सचं. ह्यांना खर्चाची आणि 'पुढे काय'ची काळजी. सासूबाईंचं वेगळंच: फादर लोकांचं कॉलेज, ते कसलं नाटक करू देणार, आणि रोज प्रार्थनेला बसवतील ते निराळंच. खरं सांगायचं तर मलाही त्यांना उत्तर देता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

सिडकोकर
माझी भाची ख्राइस्टला परफॉर्मिंग आर्ट्सला होती. इंग्लिश आणि सायकॉलॉजीबरोबर तीन विषयांचं बीए. (विषयांचे संच बदलत असतात, यंदाचा प्रवेशाच्या माहितीत बघून घ्या.) कॉलेज १९६९ चं, सीएमआय या केरळच्या कॅथलिक धर्मसंघाचं. २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे. प्रार्थनेचं सोडा, तिथली खरी सक्ती हजेरीची, ८५ टक्के! बाहेरच्या ग्रुपच्या तालमीला जातो म्हणून तास बुडवणं जमत नाही. कपड्यांचेही नियम आहेत. आणि अनुदानित कॉलेज नाही, त्यामुळे फी भरपूर. वसतिगृह, जेवण धरून तीन वर्षांचा आकडा आधी कागदावर मांडा, मगच पुढचं बोला.

वकीलसाहेब
सासूबाईंच्या दुसऱ्या शंकेपुरतं. घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क देतं, पण म्हणून २८ गळून पडत नाही. तुम्हाला प्रत्यक्षात अडेल ते जागांचं. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित अल्पसंख्याक संस्थांना आपल्या समाजासाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा ठेवायला मुभा दिली. झेवियर्सला खुल्या जागांसाठी चुरस असते ती यामुळेही.

गोदाकाठची
वकीलसाहेब, हे वाचून दाखवते त्यांना. आणि नाटक करू देतात का, त्याचं?

तिसरीघंटा
ताई, मी एका ख्रिस्ती कॉलेजात शिकलो (नाव नको). स्क्रिप्ट आधी सरांकडे द्यावी लागायची. आमच्या एकांकिकेतल्या शिव्या गेल्या, एक प्रसंग गेला, वर शेवट 'जरा आशादायी' करा म्हणाले. राग आला होता. पण मग तुमची लेक ज्या राज्य नाट्यला उतरते, तिथेही संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच की. कात्री सगळीकडे आहे, फक्त हात वेगळे. म्हणून 'नाटक करू देतात का' असं विचारून उपयोग नाही, हो म्हणतील. मागच्या दोन-तीन वर्षांत काय काय बसवलं, त्याची यादी मागा. त्यात नुसती बोधपर नाटुकली आणि नाताळचा कार्यक्रम असेल तर तुमचं तुम्हाला कळेल.

पोथीनिष्ठ
थोडं अवांतर. सासूबाईंची शंका अगदीच निराधार नाही. चर्चचं आणि नाटकाचं वैर जुनं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती माणसाने खेळ-तमाशे, नाटकं बघू नयेत म्हणून अख्खा ग्रंथ लिहिला. पण जेझुइटांनी (हाही एक कॅथलिक धर्मसंघच) पुढे नेमकं उलट केलं. १५९९ साली त्यांच्या शाळा-कॉलेजांची नियमावली पक्की झाली, तिच्यात विद्यार्थ्यांच्या नाटकांनाही जागा होती. भाषण, आवाज, चारचौघांत उभं राहणं हे सगळं नाटकातून शिकवायचं. भाषा लॅटिन आणि विषय पवित्र हवा ही अट! फ्रान्सचा नाटककार मोलियर आणि स्पेनचा काल्देरोन दोघेही जेझुइटांकडे शिकलेले. मोलियरवर पुढे धर्ममार्तंडच तुटून पडले, ही गंमत वेगळी. आपल्याकडेही केरळात लॅटिन ख्रिस्ती लोकांचं चविट्टु नाटकम आहे. पाटांवर दणादण पाय आपटत युरोपातल्या शार्लमेन सम्राटाची युद्धं करतात. गोवेकरांचं तियात्र (कोकणी नाटक) तर १८९२ साली मुंबईतच सुरू झालं. झेवियर्स जेझुइटांचं आहे, १८६९ पासून.

सिडकोकर
पोथीनिष्ठ, माहिती झकास, पण ताईंना मोलियरच्या प्रवेशाचं बघायचं नाहीये :)

फोर्टवाली
झेवियर्सबद्दल एक गैरसमज काढून टाका. तिथे जे नाटक होतं ते मंडळांतून. पदवी इंग्लिश, सायकॉलॉजी, अशा कशात तरी घ्यायची आणि संध्याकाळी मराठी वाङ्मय मंडळात किंवा इंग्रजी ग्रुपमध्ये पडीक राहायचं. शिकवायला मास्तर नसतो, सीनियर असतात. त्यातून आयएनटी, सवाई असल्या एकांकिका स्पर्धा, म्हणजे मुंबईच्याच रुईया-रुपारेल कॉलेजांच्या पोरांशी गाठ. नेपथ्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळं अंगावर पडतं. मला तरी त्यातच जास्त शिकायला मिळालं. पण व्हॉइसचा तास, हालचालींचा तास, नाट्यशास्त्र, जर्मन नाटककार ब्रेख्त असं बांधेसूद शिक्षण हवं असेल तर मंडळ पुरणार नाही.

शालिमारचा_विंगेतला
मला इथे कोणीच भाषेचं बोलत नाहीये याचं नवल वाटतं. मुलगी मराठीत वाढलेली, नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहाच्या स्टेजवर उभी राहिलेली. ख्राइस्टला शिकवणं इंग्रजीतून, संहिता बऱ्याचशा इंग्रजी. तीन वर्षं इंग्रजीत विचार करून अभिनय करायची तिची तयारी आहे का? असेल तर जरूर जावं, कान तयार होतो, जगभरची नाटकं हाताखालून जातात. नसेल तर पुणे आहे ना! विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाचं बीए आणि एमए दोन्ही आहे, गुरुकुल पद्धतीने, दिवसभर तेच. फी या मानाने किरकोळ, आणि नाशिकहून सकाळी निघालात की दुपारी पोचता.

तिसरी वाट नाशिकची. एचपीटी कॉलेजला बीए करा, संध्याकाळी तालमी, आणि नंतर मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये किंवा ललितमध्ये एमए. एचपीटीत नाटककार वसंत कानेटकर इंग्रजी शिकवायचे आणि घरी बसून मराठी नाटकं लिहायचे, हे पोरांना सांगावं लागतं हल्ली.

आणि एनएसडी (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) डोक्यात असेल तर आत्तापासून ऐका: तिथे पदवी कुठल्याही विषयातली चालते, पण किमान सहा नाटकांत काम केल्याचे पुरावे लागतात, शिवाय हिंदी-इंग्रजी कामापुरतं यावं लागतं. राज्य नाट्यची प्रमाणपत्रं, ब्रोशर, जाहिरातींची कात्रणं, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा. आमच्या ग्रुपमधल्या एकाकडे कामं ढीगभर आणि कागद शून्य होते.

गोदाकाठची
काका, भाषेचा मुद्दा लेकीला वाचून दाखवला. ती म्हणते, इंग्रजीची भीती वाटते म्हणूनच जायचंय. आता काय बोलणार! ह्यांनी खर्चाचा कागद मांडायला घेतलाय, ललितची माहितीही काढतोय, दोन्हीकडे अर्ज करू. सासूबाईंनी वकीलसाहेबांचं कलम ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मराठी नाटक बसवतात का तिथे? याचं उत्तर लेकीनेच चौकशी करून आणायचं, असं ठरलंय.
एकच राहिलं. निवडीच्या वेळी स्वगत कुठल्या भाषेत करावं?

शालिमारचा_विंगेतला
दोन तयार ठेवा, एक मराठी, एक इंग्रजी. स्पर्धेत बक्षीस मिळालेलं करू नका, त्यात टाळ्यांच्या जागा अंगात भिनलेल्या असतात. तीन मिनिटांच्या आत संपणारं, स्वतःच्या वयाचं पात्र. म्हातारीचा आवाज काढणं, हमसून रडणं हे टाळा. समोर बसलेले मध्येच थांबवून 'हेच आता भाजी विकतेयस असं कर' म्हणतात, त्याची सवय घरी करून घ्या. हिंदी एखादं पाठ असलेलं बरं, एनएसडीला कामी येईल.

फोर्टवाली
आणि चप्पल काढून करायला सांगा. माझं लक्ष निम्मा वेळ टाचेकडे होतं.