रेवदंड्याच्या बाजूला चाळीस माणसांची एकच पंगत: वार, मासे आणि गोड काय ठेवावं?

पोफळी:
रेवदंडा-चौल-कोर्लई पट्ट्यातल्या चाळीस जणांचं दुपारचं जेवण मे महिन्यात एका वाडीत करायचं ठरतंय. आगरी, कोळी, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, कोर्लईचे ख्रिस्ती आणि दोन बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरं. आठ जण शाकाहारी. समाजागणिक वेगळी पानं मांडायची नाहीत. "हलाल कोंबडी आणली की सगळ्यांचं जमतं" असं एकाचं म्हणणं. जमतं का?

सरंगा:
नाही जमत. हलाल म्हणजे कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारं) नव्हे. कापणारा, पद्धत, नंतर मीठ लावून रक्त काढणं, सगळं वेगळं. शिवाय मटण-कोंबडी आली की बेने इस्राएल घरांसाठी त्याच जेवणातून दूध, दही, तूप बाद. मासा घ्या. त्याला ना हलाल कापणी लागते ना कोशर.

पण कुठलाही मासा नाही. कोशरला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे रावस, पापलेट, बांगडा चालतात. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकूल, मोरी, शिंगाळा नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई (इस्लामी नियमांची एक परंपरा), त्यांना कोळंबी-चिंबोरी चालते. घाटावरून आलेला पाहुणा हनफी (दुसरी परंपरा) असेल तर तो चिंबोरीला हात लावणार नाही.

अख्खा रावस आणा, बाजारात कापलेले तुकडे नकोत. खवले डोळ्यांनी दिसले पाहिजेत. कोळणीला सांगा, आधीचं कोळंबीचं पाणी लागलेला कोयता आणि पाट धुऊन मग कापा. बत्तीस जणांना सात किलोचा अख्खा मासा पुरतो. साफ करून पाचेक किलो हाती येतो, त्यात एकेक तळलेली तुकडी आणि कालवण होतं. कोळंबी हवीच असेल तर तिची कढई, तेल, झारा वेगळे. सगळं बिघडतं ते तिथेच, उरलेल्या तेलात. काही घरं भांड्यांबद्दलही काटेकोर असतात, ते आधी विचारून घ्या.

वार रविवार, वेळ दुपारी एक. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस (बेने इस्राएलांना 'शनिवार तेली' म्हणत ते याचमुळे: घाणा चालवायचे, पण शनिवारी बंद). रविवारी सकाळी कोर्लईच्या ख्रिस्ती मंडळींची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), ती उरकून येतील. सोमवार, गुरुवार अनेक हिंदू घरांत मासे नाहीत. त्या रविवारी संकष्टी किंवा एकादशी नाही ना, तेवढं पंचांगात बघा. आणि १ जूनच्या आत उरका. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी, रावस मिळेलच असं नाही.

आगळ:
गोडाला फणसाचं सांदण करा. तांदूळ, फणस, गूळ, नारळाचं दूध. कुणालाच आडवं येत नाही, आणि सांदण हा शब्द हिंदू, मुसलमान, बेने इस्राएल सगळ्यांच्या घरात आहे, कृती तेवढी वेगवेगळी.

ऐंशी नगांना: तांदळाचा रवा सव्वा किलो, बरक्या फणसाचा रस तेवढाच, गूळ पाऊण किलो, दोन नारळांचं दाट दूध, मीठ. रवा कोरडाच भाजा. पुष्कळ जणी तुपावर भाजतात. पुढे कधी मटणाबरोबर केलंत तर ते तूप नडेल. गूळ रसात विरघळवा, रवा घाला, तास-दीड तास झाकून ठेवा. रवा फुगला नाही तर मधे कचकच राहते. जास्त वेळही नको, मेच्या उकाड्यात चार तासांत आंबूस वास येतो. इडलीपात्रात शिट्टी न लावता वीस मिनिटं. वाढताना वर नारळाचं दूध.

फुगवायला ताडी घालायची जुनी रीत आहे, ती इथे नको. मुसलमान घरांना चालणार नाही.

सोलकढीला आठ नारळ, पाव लिटर आगळ (कोकमाचा रस). आगळ खारट असतो, मीठ शेवटी चाखून. लसूण न खाणारे असतील तर एक पातेलं बिनलसणाचं. गरम मात्र करू नका, फाटते.

पोफळी:
बरका नाही मिळाला तर? दारात कापा आहे.

आगळ:
काप्याचे गरे मऊ पडत नाहीत, चाळणीतून रस निघायचा नाही. बारीक चिरून मिक्सरला लावा आणि नारळाचं दूध वाटीभर वाढवा. चव येते, रंग फिका येतो.

माडाची_सावली:
एक सुचवते. निमंत्रण देताना "तुम्हा लोकांत काय चालतं?" असं विचारू नका. एकाच समाजातल्या दोन घरांत फरक असतो, आणि माणूस स्वतःच्या घराचं सांगायचं सोडून समाजाचं सांगत बसतो. फोनवर तीनच गोष्टी विचारा: तुमच्या घरी काय चालत नाही, त्या दिवशी उपास आहे का, भांडं वेगळं लागेल का. आणि प्रत्येक पदार्थाशेजारी चिठ्ठी ठेवा, त्यावर नाव नाही, जिन्नस लिहा. "रावस, तांदळाचं पीठ, शेंगदाणा तेल", एवढं पुरे.